खंडेनवमीचा सिग्नल

खंडेनवमीच्या सकाळी पळसखुटी स्टेशनचा सिग्नल काही केल्या पडेना, तेव्हा सगळ्यांत आधी हसली ती भाजीच्या पाट्या घेऊन गाडीत बसलेली कौसाबाई.

"काय वं मोनाली," ती खिडकीतून ओरडली, "तुह्यं मशीनबी खंडेनवमी पाळून राह्यलं का?"

डब्यात खसखस पिकली. फलाटावर उभ्या असलेल्या मोनाली घाटोळला मात्र घाम फुटला. हा सिग्नल का पडत नाही ते सांगू शकेल असं साऱ्या मुलखात एकच माणूस होतं, ते म्हणजे ती स्वतः, आणि तिला काही म्हणता काही कळत नव्हतं.

सिग्नल म्हणजे जुन्या पद्धतीचा, लोखंडी खांबावरचा लाल हात. हात आडवा असला की थांबायचं, खाली पडला की निघायचं. बोरगव्हाण ते चांदणखेड ही अरुंद रुळांची लाइन इंग्रजांच्या काळात कापसाच्या गाठी वाहायला टाकली गेली. कापसाचे ते दिवस सरले, तरी वऱ्हाडातल्या त्या टापूनं लाइनीला काही सोडलं नाही. मास्तर, नर्सा, कॉलेजची पोरं, भाजीवाल्या, सगळी सकाळी तिनेच तालुक्याला जात. वाफेचं इंजिन गेलं, डिझेलचं गेलं, आता बॅटरीवर चालणारे दोन डबे आले होते. पण ते खांब, ते हात आणि त्यांच्यावरचा लाल रंग लोकांनी भांडून भांडून तसाच ठेवायला लावला होता. फक्त हात पाडायचा की नाही, हे आता स्टेशनमास्तर ठरवत नसे. ते 'कानोसा' ठरवत असे.

आणि आज कानोशाची परीक्षा होती. मागच्या डब्यात तपासणी अधिकारी बसले होते, त्यांच्या प्रमुख एक वयस्क बाई, आणि शेजारी प्रकल्पाचे प्रमुख टिपणीस साहेब. रुळांवर एकही माणूस न फिरवता, नुसत्या कानोशाच्या भरवशावर आज गाडी नीट पोचली, तर लाइन राहणार होती. नाही पोचली, तर रूळ उखडून तिथे रस्ता रुंद करायचं केव्हाच ठरलेलं होतं. टिपणीस साहेबांनी शुभ दिवस म्हणून मुद्दाम नवरात्रातली नवमी निवडली होती. दसऱ्याला सुट्टी पडली असती.

मोनाली धावतच स्टेशनमास्तरच्या जुन्या खोलीत गेली. टेबलावरच्या पडद्यावर दोनच ओळी होत्या.

खात्री नाही.
जागा: लेंडी नाल्याचा भराव.

कानोसा म्हणजे काय, हे मोनालीनं आजवर मंत्र्यापासून गुराख्यापर्यंत सगळ्यांना सांगितलं होतं. रुळांच्या कडेनं, हातभर खोल, काचेचा एक धागा पुरलेला होता. केसासारखा बारीक, पण लाइनीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड. त्याच्या एका तोंडातून लेसरच्या प्रकाशाचे ठोके आत सोडायचे. काच कितीही शुद्ध केली तरी तिच्यात कणाकणानं खोट राहतेच. त्या खोटीवर आपटून प्रकाशाचा अगदी नावापुरता अंश माघारी येतो. जमीन जराशी जरी हलली तरी धागा ताणला जातो, आणि माघारी येणारा प्रकाश बदलतो. तो किती वेळानं परतला यावरून कुठली जागा हलली ते कळतं. म्हणजे धाग्याचा हात न् हात हा एकेक कान झाला. अख्ख्या लाइनीला असे हजारो कान फुटले होते.

ते कान काय ऐकत नसत! बैलगाडीचा रस्ता ओलांडण्याचा खडखडाट, शेळ्यांच्या खुरांची टपटप, पाटाला सोडलेलं पाणी, वारा सुटला की बाभळीची जमिनीत ओढली जाणारी मुळं. एका दुपारी कानाला यंत्र लावून बसलेली असताना मोनालीला या सगळ्याच्या तळाशी, फार खोल, काहीतरी संथपणे वर-खाली होताना ऐकू आलं. कोणी झोपेत श्वास घ्यावा तसं. आधी तिला वाटलं, यंत्रात बिघाड आहे. आठवडाभर ती बिघाड शोधत होती. मग हिशेब जुळला आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. तो समुद्र होता. शेकडो कोस पलीकडे कोकणच्या किनाऱ्यावर लाटा आपटतात, त्यांनी सगळा मुलूख कणभर हलतो, आणि तेवढं हलणं या काचेच्या धाग्याला पुरतं. कापसाच्या पऱ्हाटीच्या काळ्या मातीत बसून ती समुद्र ऐकत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं पुसलंही नाही.

संध्याकाळी मोठ्या हौसेनं ही गोष्ट तिनं बापाला सांगितली. गुणवंता घाटोळ जेवत होते. त्यांनी घास चावून संपवला आणि म्हणाले, "समुद्राचं आयकते, बापाचं आयकत नाई."

गुणवंता या लाइनीवरचे चावीवाले. चावी म्हणजे कुलपाची नव्हे. रूळ लाकडी स्लीपरला धरून ठेवणारी लोखंडी पाचर असते, तिला चावी म्हणतात. गाड्यांच्या हादऱ्यानं त्या ढिल्या होतात. चावीवाल्यानं रोज सकाळी लांब दांड्याची हातोडी घेऊन आपला टप्पा पायी चालायचा, ठोकत ठोकत चाव्या घट्ट करायच्या. लाइनीवर असे चौघं होते. पळसखुटीच्या दोन्ही अंगांचा टप्पा गुणवंतांचा. त्या टप्प्यावर आधी त्यांचे वडील चालले होते. स्टेशनमागच्या क्वार्टरमध्ये मोनाली जन्मली ती त्या ठणठणाटातच. सकाळी बाप कुठवर पोचला हे तिला अंथरुणातून कळायचं.

शिकून, पुण्याला नोकरी करून ती याच लाइनीवर परत आली, आणि जी वस्तू घेऊन आली तिच्यामुळे चावीवाल्यांचं काम संपलं. रूळ ढिला झाला की कानोशाला लगेच कळे, मग फक्त तिथेच माणूस पाठवायचा. चौघांनाही काल शेवटचा टप्पा चालून घरी बसायला सांगितलं होतं. पगार चालू राहणार होता, त्याबद्दल तक्रार नव्हती. पण तो हुकूम निघाल्याला महिना झाला होता, आणि तेव्हापासून बापलेकीत कामापुरतं बोलणं उरलं होतं. "तुह्या वायरीनं मले घरी बसोलं," एवढं एकदा म्हणून गुणवंतांनी तो विषय मिटवला होता. आई असती तर तिनं दोघांनाही फैलावर घेतलं असतं. ती चार वर्षांपूर्वीच गेली होती. घरातला तो अबोला मोनालीला फार लागला होता, आणि आपण काही चूक केलेली नाही हे ठाऊक असल्यामुळे तर जास्तच लागला होता.

"काय झालंय?" टिपणीस साहेब दारात उभे होते. गृहस्थ वाईट नव्हते. या लाइनीसाठी त्यांनी मुंबईच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. आता मात्र त्यांचा चेहरा उतरला होता.

"भरावाबद्दल खात्री नाही म्हणतोय, सर."

"रूळ तुटलाय? ढिला आहे?"

"नाही. रूळ ठीक, चाव्या ठीक. रुळावर पाणी नाही, जनावर नाही."

"मग खात्री कशाची नाही?"

हे विचारायची सोय होती. कानोशाला मोनालीनं स्वतः फक्त एक नियम शिकवला होता: खात्री नसेल तर हात पाडायचा नाही. बाकी सगळं गेल्या दसऱ्यानंतर धागा पुरला तेव्हापासून तो आपलं आपण शिकत गेला होता. त्यामुळे तो कसा विचार करतो हे ती दर वेळी सांगू शकत नसे. पण खात्री होण्यासाठी काय कमी पडतंय, असं विचारलं की तो तेवढं दाखवायचा.

तिनं विचारलं. पडद्यावर अक्षर उमटलं नाही. त्याऐवजी टेबलावरच्या लहानशा भोंग्यातून एक आवाज आला.

ठण्ण.

मोनाली खुर्चीतच ताठ झाली. थोडं थांबून भोंगा पुन्हा वाजला. ठण्ण.

"हे काय?"

"माझे बाबा," ती म्हणाली. "बाबांची हातोडी आहे ही."

आज हातोडी पडली नव्हती. चावीवाल्यांची नोकरी कालच संपली होती, आणि संपली नसती तरी आज ती पडलीच नसती. खंडेनवमीला हत्याराची पूजा असते. हातोडी धुऊन, कुंकू लावून देवीपुढे मांडली की दसरा उजाडेपर्यंत तिला कोणी हात लावत नाही. त्या दिवशी चावीवाले नुसत्या डोळ्यांनी रूळ बघत टप्पा चालायचे. कानोसा आल्यापासूनची ही पहिलीच खंडेनवमी. हातोडीवाचूनची सकाळ त्यानं कधी पाहिलेलीच नव्हती, आणि परीक्षेची तारीख ठरवताना हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. तिच्याही नाही.

टिपणीस साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. हसलेसुद्धा. "अगं, मग सोपं आहे! सवय लागलीय त्याला. रोज सकाळी आधी ठोका, मग गाडी. खुळखुळा वाजवून झोपवलेल्या पोरासारखं झालंय. खुळखुळा नाही तर झोप नाही. शिकवणीतली चूक आहे, नंतर दुरुस्त करू. तू चावी फिरव."

ही चावी मात्र कुलपाचीच होती. भिंतीवरच्या काचेच्या पेटीत असायची. ती फिरवली की कानोसा काहीही म्हणो, हात पडणार. ती फिरवायचा अधिकार फक्त मोनालीला होता.

साहेबांचं म्हणणं तिला पटलं. अगदी मनापासून पटलं. अशा चुका यंत्रं करतात, हे तिला कॉलेजच्या पहिल्याच वर्षात शिकवलं होतं. तिनं पेटी उघडली, चावी भोकात घातली. खिडकीतून गाडी दिसत होती. कौसाबाई शेजारणीला वांगी निवडून दाखवत होती. शाळेचे ढगे मास्तर पेपरात डोकं घालून बसले होते. पोरं मागच्या दारात उभी राहून उगाच आरडाओरडा करत होती. मनगट वळवायचं तेवढं बाकी होतं.

आणि मनगट वळेना, कारण एक साधा प्रश्न तिच्या डोक्यात येऊन बसला. सवयच असेल, तर सगळी लाइन का अडली नाही?

"सर, आज कुठल्याच चावीवाल्यानं ठोकलेलं नाही. बोरगव्हाणपासून इथवर एकही ठोका पडला नाही. तरी गाडी आली. सगळे हात पडले. फक्त भरावाच्या आधीचा पडत नाही. सवय एकाच जागेची कशी लागेल?"

"भराव उंच आहे. तिथला आवाज वेगळा असेल. शंभर कारणं असतील, मोनाली! अधिकारी घड्याळ बघताहेत."

"असतील. मला खात्री नाही."

"तुला खात्री नाही म्हणजे?"

"म्हणजे हात पडणार नाही," मोनाली म्हणाली आणि तिनं चावी काढून खिशात टाकली.

"लाइन गेली तर या क्षणी गेली, एवढं लक्षात ठेव," साहेब हळू आवाजात म्हणाले. तिच्या लहानपणासकट सगळं त्या रुळांवर होतं, आणि ते आपल्याच हातानं घालवतो आहोत असं तिला वाटत होतं. तशीच ती मागच्या दारानं क्वार्टरकडे पळाली.

गुणवंता आंघोळ करून, स्वच्छ धोतर नेसून घटासमोर बसले होते. पाटावर हातोडी होती. शेजारी पाना, विळा, आईची शिवणाची कात्री. सगळ्यांना कुंकवाची बोटं आणि झेंडूची फुलं.

"बाबा, हातोडी घ्या अन् चाला माह्यासंगं. लेंडीच्या भरावावर ठोकाचं हाय."

"आज?" त्यांनी मान वळवली. "देवीपुढचं हत्यार उचलत नसतात. तुह्या आजानं कधी उचललं नाई. अन् माही नौकरी तं कालच सरली ना?"

"बाबा…"

"दुसरा घन घे कोनाचा. नाई तं दगडानं ठोक. तुह्या मशीनले काय, आवाजाशी मतलब."

तिनं वाटेत हाच विचार केला होता. दगडानं काम होणार नव्हतं. कालच्या आवाजाशी आजचा ताडून बघायचा तर हातोडी तीच हवी, मारणारा हात तोच हवा. हे सगळं समजावत बसायला वेळ नव्हता, आणि समजावून सांगण्याची तिची रीतच बापाला आवडत नसे. तिनं खिशातून फोन काढला, त्यावर कानोसा उघडला आणि त्यानं वाजवलेला तो आवाज ऐकवला.

ठण्ण.

गुणवंता दचकले. त्यांनी पाटावरच्या हातोडीकडे पाहिलं, मग फोनकडे.

"हे तं माही हातोडी."

"तो सकाळपासून हेच मांगून राह्यला. गाडी थांबवून बसला हाय. साहेब म्हनते, फालतू सवय हाय त्याची. असनही. मले ठाव नाई, बाबा. खरंच नाई ठाव. गाडीत कौसाबाई हाय, ढगे मास्तर हाय. मी काय करू, तुमीच सांगा."

महिनाभरात ती बापाशी इतकं बोलली नव्हती. गुणवंतांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. मग घटाकडे वळून हात जोडले, ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटले आणि पाटावरून हातोडी उचलली. फुलं खाली पडली. कुंकू तसंच राहिलं.

भराव स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर. नाल्याची घळ ओलांडण्यासाठी जुन्या लोकांनी मातीचा उंच बांध घातला होता, पोटात पाणी जायला दगडी मोरी ठेवली होती, आणि वरून रूळ नेले होते. दोन्ही अंगांना सोयाबीनची सोंगणी चालू होती. मोनाली स्टेशनातून उचलून आणलेला कानोशाचा लहान पडदा सांभाळत अलीकडच्या टोकाशी थांबली. टिपणीस साहेब आणि अधिकारीही धापा टाकत मागून आले. गुणवंता नेहमीच्या चालीनं रुळांवरून पुढे गेले.

वाट बघताना मोनालीनं कानोशाला आजवर कधी न विचारलेली गोष्ट विचारली: हातोडीच्या आवाजाचं तू काय करतोस?

पडद्यावर एक चित्र उघडलं.

ते जमिनीच्या आतलं चित्र होतं. वर रुळांची बारीक रेघ. तिच्याखाली मातीचे थर, एकावर एक, रंगीत. मग मुरूम. मग काळा खडक, त्याच्या भेगांसकट. कडुनिंबाची मुळं नाल्याच्या दिशेनं गेलेली. फार पूर्वी नाला जिथून वाहायचा ते बुजलेलं पात्र. कोणी केव्हा बुजवली कोण जाणे, अशी एक विहीर, तिच्या गोल बांधणीसकट. हातोडीचा प्रत्येक ठोका जमिनीत खोल उतरत होता, थराथरावर आपटून वर येत होता, आणि ते हजारो कान तो टिपून घेत होते. गाडीच्या धडधडीनंही असं काही दिसलं असतं, पण ढोबळ, आणि गाडी वरून गेल्यावर. ठोका स्वच्छ होता, आणि गाडीच्या आधी पडत होता. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी शिकवलं नव्हतं. बाप चाव्या ठोकत गेला होता आणि हा त्या ठोक्यांच्या उजेडात रोज पाताळ बघत बसला होता.

"अरे देवा," मागून टिपणीस साहेब म्हणाले.

भरावाखालचा भाग मात्र पुसट होता. तिथे रोज काहीतरी बदलत होतं, म्हणून कालचं चित्र आज त्याला पुरेसं नव्हतं. बाकी लाइन कालच्यासारखीच असेल हे तो मानायला तयार होता. इथे त्याला आजचा ठोका हवा होता.

गुणवंतांनी हातोडी उचलली. ठण्ण. पुसट भागाचा एक कोपरा उजळला. दोन पावलं पुढे. ठण्ण. मोरीची दगडी कमान दिसली, गाळानं तोंडापर्यंत गच्च भरलेली. ठण्ण. कमानीच्या वर माती असायला हवी होती.

तिथे काही नव्हतं. एक काळा डाग होता. पुढच्या ठोक्याला तो लांबला, त्याच्या पुढच्या ठोक्याला रुंद झाला. उजेड त्याच्या कडेपर्यंत जात होता आणि तिथून परत फिरत होता. मोरी तुंबली होती. वरच्या अंगानं नवा कालवा झाला होता, त्याचं झिरपलेलं पाणी वाट शोधत भरावातून गेलं होतं, आणि रोज थोडी थोडी माती घेऊन गेलं होतं. वरून रूळ सरळ, चाव्या घट्ट, गवतसुद्धा हिरवंगार. आत पोकळी. तिच्यावर हातभर जाडीचं मातीचं छत, आणि त्या छताच्या बरोबर मधोमध तिचा बाप हातोडी उगारून उभा होता.

"बाबा!" तिला वाटलं, आपण ओरडलो तरी छत पडेल. "ठोकू नका. आल्या पावली मांगं या. हळू."

"काहून?"

"तुमच्या पायाखाली जमीन नाई."

गुणवंतांनी हातोडी खाली केली. पायांकडे पाहिलं. मग एका स्लीपरवरून दुसऱ्या स्लीपरवर पाय ठेवत, घाई न करता, ते मागे येऊ लागले. मोनालीला त्यांचं एकेक पाऊल पडद्यावर उमटताना दिसत होतं, काळ्या डागाच्या वर, अगदी हलकं. इतकी भीती तिला उभ्या जन्मात वाटली नव्हती. ते हाताच्या अंतरावर आले तेव्हा तिनं त्यांचं मनगट धरलं, आणि मग किती तरी वेळ ते सोडलंच नाही.

बातमी गाडीत पोचायला वेळ लागला नाही. ड्रायव्हर रशीदभाईंनी गाडी मागे नेऊन उभी केली. शेतांतली माणसं धावून आली, पण हातात काही नाही, कारण सगळ्यांचीच हत्यारं देवापुढे होती. मग ढगे मास्तर म्हणाले, "गुणवंतानं उचलली ना हातोडी? मंग चाला." त्या दिवशी पळसखुटीत घराघरांतल्या पाटांवरून कुदळी, फावडी, पहारी उठल्या. सगळ्यांवर कुंकू होतं.

वर कोणाला जाऊ न देता भराव बाजूनं उघडला. माणसाचं डोकं जाईल एवढं भोक पडल्यावर टिपणीस साहेबांनी त्यातून बॅटरीचा झोत टाकला. आत एक खोली होती. खरोखरच खोली. घाटोळांच्या क्वार्टरमधली स्वयंपाकाची खोली तीत आरामात मावली असती. गार हवा बाहेर आली. भिंती ओल्या, गुळगुळीत. वर, भराव उघडताना छताची माती ढासळली होती तिथे, दोन-तीन स्लीपरांची काळी पोटं उघडी पडलेली दिसत होती, आणि त्यांच्यामधल्या फटींतून सकाळच्या उन्हाच्या बारीक रेघा आत उतरल्या होत्या. माती अधूनमधून चिमूट चिमूट गळत होती. सगळ्यांनी आळीपाळीनं पाहिलं. कौसाबाईनं पाहून पदर तोंडाला लावला आणि ती बाजूला जाऊन बसली.

तपासणी अधिकाऱ्यांच्या प्रमुख बाई सगळ्यांत शेवटी आत डोकावल्या. बाहेर येऊन त्यांनी हातांची माती झाडली. "भराव नवा बांधा," त्या टिपणिसांना म्हणाल्या. "आणि रूळ उखडायची भाषा आता माझ्यासमोर कोणी करू नये. या लाइनीला जे ऐकू येतं ते आपल्या एकाही नव्या रस्त्याला येत नाही." साहेबांनी मोनालीच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला.

गुणवंता नाल्याच्या काठाला, निंबाखाली बसले होते. मोनाली त्यांच्याजवळ बसली आणि तिनं पडदा त्यांच्या मांडीवर ठेवला. कुठला रंग म्हणजे काय, ते दाखवलं. खडक, मुरूम, विहीर. या निंबाची मुळं. ते बोट न लावता, नुसते वाकून बघत होते.

"हे माह्या ठोक्यानं दिसते?"

"हाव."

"मंग म्या इतकी वर्सं ठोकलं… माह्या बापानं ठोकलं…"

"तवाबी असाच उजेड पडत असन, बाबा. पाहनारं कोनी नव्हतं."

त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ते लपवले नाहीत. खालच्या मातीवर, धागा जिथून गेला होता त्या बाजूला, त्यांनी पंजा टेकवला, गाईच्या पाठीवर टेकवावा तसा.

"म्हंजे सकाळपासून हा माही वाट पाहून राह्यला होता?"

मोनाली इंजिनिअर होती. खरं ते सांगायची तिला सवय होती. "तुमची नाई, बाबा. तुमच्या ठोक्याची."

"एकच झालं, पोरी," गुणवंता म्हणाले.

मग पडदा तिच्याकडे देऊन ते गुडघ्यावर हात टेकून उठले. भरावाला वळसा घालून, नाल्याच्या पाण्यातून पलीकडे गेले आणि पुन्हा रुळांवर चढले. तिकडचा टप्पा अजून ठोकायचा राहिला होता. मोनाली निंबाखाली बसून राहिली. बाप नजरेआड झाला तरी तिच्या मांडीवरच्या पडद्यात, थोड्या थोड्या अंतरानं, जमीन आतून उजळत चालली होती.